कोठारात न टिकणारे अन्न : प्रस्तावना

जे अन्न साठवता येते त्याचाच हिशेब राहतो. धान्य मापता येते, पोत्यात भरता येते, पेवात पुरता येते. त्यावर सारा बसवता येतो आणि वेळ आली तर ते वाटताही येते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची कीर्ती अशाच अन्नावर उभी आहे. बहामनी अमदानीत दुष्काळाने गांजलेल्या लोकांसाठी सरकारी कोठारे खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा कीर्तनांतून महाराष्ट्रभर पोचली आणि गावाचे नाव धान्याशी कायमचे जोडले गेले. पुढे इथल्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी गावाच्या नावावर खपू लागली आणि २०१६ साली ‘मंगळवेढा ज्वारी’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ही भाकरी लोक कशाशी खात होते, कोरड्यास काय होते, याचा पत्ता ना कथेत लागतो ना मानांकनाच्या कागदात. हरभऱ्याचा कोवळा शेंडा, करडईची पाने, रानातली पाथरी, पातीचा कांदा, हे सकाळी खुडले की संध्याकाळपर्यंत मान टाकते. त्याला पेव नाही, माप नाही, मानांकन नाही. म्हणून त्याची बखरही नाही.

या पुस्तकातल्या कोशिंबिरी, पचड्या, घोळाणे आणि पालेभाज्या म्हणजे जेवणाच्या त्या बिननोंदीच्या अर्ध्या भागाची मांडणी आहे. तिच्यामागचा विचार थोडक्यात असा. ज्वारीच्या भाकरीचे पोषण ताज्या हिरव्या जोडीशिवाय पुरे होत नाही. ही जोडी कोरडवाहू शिवारातच, ज्वारीच्याच हंगामात, तिच्याच ओलीवर उगवत आली आहे. आणि ती आज तुटली आहे ती पाण्याअभावी कमी, आपल्या हिशेबाच्या सवयीमुळे जास्त. हा विचार पटला, तर घरी रोज ताजी कोशिंबीर करण्याकडे पाहुण्यांसाठीची हौस किंवा वजन घटवण्याचा शहरी उपाय म्हणून पाहता येणार नाही. ज्वारी खाणाऱ्या घराचे ते रोजचे काम ठरेल. हॉटेलात मिळणाऱ्या, काकडी-टोमॅटोच्या चकत्या मांडलेल्या ‘सॅलड’च्या बशीशी या कामाचा संबंध फार थोडा आहे.

आधी जमीन पाहू. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. पाऊस थोडा आणि त्यातला भरवशाचा भाग पावसाळ्याच्या शेवटाला, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत पडणारा. म्हणून मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात खरिपापेक्षा रब्बीला मान आहे. ही चिकण माती पाणी धरून ठेवते. वरचा पाऊस थांबला तरी खालची ओल थंडीभर पिकाला पुरते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेले मालदांडी ३५-१ हे वाण इतकी वर्षे टिकले ते याच ओसरत्या ओलीवर तग धरण्याच्या गुणामुळे. पण ती ओल एकट्या ज्वारीची कधीच नव्हती. ज्वारीच्या कडेने करडईचे पाटे, शेजारी हरभरा, कुठे जवस, विहिरीच्या थारोळ्यापाशी मेथी, कांदा आणि मुळा. शिवाय कोणी न पेरता येणारी पाथरी, चाकवत, तांदुळजा, घोळ. ज्या दोन-तीन महिन्यांत ज्वारी वाढते, त्याच महिन्यांत कोवळा पाला भरपूर असतो. कोरडवाहू म्हणजे रखरखीत आणि हिरवे म्हणजे बागायती, ही विभागणी नकाशावर सोयीची असेल. मार्गशीर्षातल्या मंगळवेढ्याच्या रानाला ती लागू पडत नाही.

या पाल्याचे आणि पिकाचे नाते किती बारकाईने जुळवलेले होते, हे हरभऱ्यात दिसते. पेरणीनंतर साधारण महिना-सव्वा महिन्याने हरभऱ्याचे शेंडे खुडतात. शेंडा खुडला की उभी वाढ थांबते, बाजूला फांद्या फुटतात आणि फांद्या वाढल्या की फुले आणि घाटेही वाढतात. म्हणजे भाजीसाठी नेलेला पाला पिकाच्या तोंडचा घास काढून घेत नाही. उलट ती पिकाची मशागतच असते. खुडणीची वेळ फुलोऱ्याच्या आधीची असल्यामुळे घाटेअळीसाठीची फवारणीही बहुधा तोवर झालेली नसते. हरभऱ्याच्या पानांवर जी आंब धरते, ती मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची असते. म्हणून या पाल्याला वेगळी आंबटाई लागत नाही. करडईचेही तसेच. रोप कोवळे आहे तोवर पाने खावीत; पुढे काटे धरले की तेच झाड गुरांना पिकाबाहेर ठेवणारे कुंपण होते आणि शेवटी बियांतून तेल देते. एकाच ओळीतून भाजी, कुंपण आणि फोडणीचे तेल मिळत असे. अशा पिकाला केवळ तेलबियांच्या रकान्यात टाकले की त्याचे पहिले काम कागदावरून पुसले जाते.

आता ताटाकडे वळू. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात आणि जवळजवळ तेवढाच तंतू. लोह साधारण ४ मिलिग्रॅम. धान्य म्हणून हा हिशेब चांगलाच आहे. पण कॅल्शियम ३० मिलिग्रॅमच्या आत, क जीवनसत्त्व जवळपास नाहीच, आणि प्रथिनांत लायसिन कमी. लायसिनची उणीव डाळी-कडधान्ये भरून काढतात, हे आता शाळेतली मुलेही सांगतील. लोहाची गोष्ट मात्र कमी ध्यानात घेतली जाते. धान्यातले लोह फायटेटने बांधलेले असते. ताटात लोह असले तरी त्यातला थोडाच भाग रक्तात पोचतो. त्याच घासात क जीवनसत्त्व आले तर ते लोहाला शोषता येईल अशा रूपात आणते आणि विरघळलेले ठेवते, त्यामुळे शोषण स्पष्टपणे वाढते. यातला ‘त्याच घासात’ हा भाग महत्त्वाचा आहे. सकाळी खाल्लेल्या पेरूचा दुपारच्या भाकरीतल्या लोहाला फारसा उपयोग नाही. आणि क जीवनसत्त्व उष्णतेने नासते, पाण्यात उतरते, चिरून ठेवलेल्या भाजीत घटत जाते. मग भाकरीबरोबर त्याच वेळी, न शिजवलेले किंवा जेमतेम शिजवलेले, नुकतेच चिरलेले काहीतरी हवे. पोषणशास्त्राने पायरीपायरीने काढलेला हा निष्कर्ष म्हणजेच लिंबू पिळलेली कोशिंबीर. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातली टॅनिन द्रव्ये हाच लाभ पुन्हा कमी करतात.

पण सगळेच कच्चे चांगले, असा सरसकट नियम यातून निघत नाही. गाजरातले आणि हिरव्या पानांतले कॅरोटीन, ज्याचे शरीरात अ जीवनसत्त्व होते, ते तेलाच्या सोबतीशिवाय नीट शोषले जात नाही. थोडे शिजल्यावर ते अधिक सुटे होते. घोळाणा कसा करतात ते इथे आठवावे. मेथी, हरभऱ्याचा पाला किंवा कांद्याची पात बारीक चिरायची, त्यात कच्चा कांदा, तिखट, मीठ, शेंगदाण्याचा कूट आणि कच्चे तेल घालून हाताने घोळायची. चूल पेटवायची गरज नाही. कुटातून आणि तेलातून स्निग्धांश आला, कुटातून प्रथिने आली, पाल्याचे क जीवनसत्त्व शाबूत राहिले. गाजराच्या कोशिंबिरीवर हिंग-मोहरीची फोडणी ओतली जाते तिचेही काम केवळ वासापुरते नसते. चाकवताची पातळ भाजी ताक घालून करतात, कारण चाकवतात ऑक्झॅलेट असते आणि ताकातले कॅल्शियम त्यातले काही आतड्यातच बांधून टाकते. डाळ घालून घोटलेले गरगट्टे पाल्याच्या लोहाला डाळीच्या प्रथिनांची जोड देते. हे पदार्थ रचणाऱ्या बायकांपुढे रसायनशास्त्राचे तक्ते नव्हते. चव, पचन आणि अनेक पिढ्यांचा पडताळा होता. या दोन वेगळ्या वाटा इतक्या ठिकाणी एकाच जागी येऊन मिळतात, याला निव्वळ योगायोग म्हणणे कठीण आहे.

हा पडताळा सणांतही साठवलेला आहे. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, सोलापूर, धाराशिव, लातूर आणि लगतच्या कर्नाटकात घरेच्या घरे शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप करून पूजा होते, आंबील होते, बाजरीचे उंडे होतात आणि मुख्य म्हणजे भज्जी होते. हरभरा, तूर, पावटा, वाटाणा यांचे ओले दाणे, मेथी, पातीचा कांदा, गाजर, वांगे असे शिवारात जे जे हाताला लागते ते एका भांड्यात शिजते. त्याच सुमारास भोगी येते आणि तिळाच्या भाकरीबरोबर पुन्हा मिश्र भाजी होते. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. हे दोन्ही सण हिवाळ्यातच येतात आणि दोन्हींचा केंद्रबिंदू एकाच भाजीत जास्तीत जास्त जिन्नस हा आहे. आहारातली विविधता मोजण्याचे काम पोषणतज्ज्ञ आज प्रश्नावलीने करतात; इथे ती पंचांगाने बांधून दिली होती. सीमेचाही यात वाटा आहे. विजापूरकडच्या जेवणात ज्वारीच्या भाकरीशेजारी कच्ची मेथी, पात, मुळा आणि शेंगाचटणी सरळ ताटात वाढतात, भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी करतात. मंगळवेढ्याचे ताट पुण्या-मुंबईच्या ताटापेक्षा या ताटाच्या अधिक जवळचे आहे. ज्वारीचा पट्टा आणि कच्च्या पाल्याचा पट्टा नकाशावर जवळजवळ एकच निघतो.

मग ही जोडी सुटली कशी? उजनी धरणाचे पाणी ज्या भागात पोचले तिथे ऊस आला, साखर कारखाना आला. इतरत्र डाळिंब, मका, द्राक्षे आली. यात शेतकऱ्याचे चुकले असे म्हणता येत नाही. ज्वारीच्या भावात घर चालत नाही आणि काढणीला माणूस मिळत नाही. पण पीक बदलताना धान्याचा तोटा लगेच दिसला आणि बाजारातून भरूनही निघाला. पाल्याचा तोटा दिसलाच नाही, कारण तो कधी मोजलेलाच नव्हता. उसात पाथरी शोधायला कोणी जात नाही. जिथे ज्वारी-हरभरा टिकून आहे तिथे तणनाशकाने चाकवत आणि तांदुळजा तणांच्या यादीत जमा झाले. ताटातल्या पाल्याच्या जागी आठवडी बाजारातली कोबी, बटाटा आणि वांगी आली, म्हणजे पुन्हा चार दिवस टिकणाऱ्याच भाज्या. गाडीत, दुकानात आणि फ्रिजमध्ये जे तग धरते तेच स्वयंपाकघरात उरले. कोठाराचा नियम आता भाजीलाही लागू झाला.

याचा परिणाम केवळ चवीपुरता आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ते ६८.९ टक्के निघाले. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंत, वारंवारची बाळंतपणे, पाळीतला रक्तस्राव, ब-१२ आणि फोलेटची कमतरता, आजारपणे. पालेभाजी सुटली म्हणून रक्तक्षय वाढला, असे या आकड्यांवरून सिद्ध करता येणार नाही आणि इथे तसा दावाही नाही. पण ज्या प्रदेशात मुख्य अन्न धान्य आहे आणि लोह मुख्यतः वनस्पतींतूनच मिळते, तिथे ते शोषले जाण्याची सोय ताटातून काढून घेणे परवडणारे नाही, एवढे नक्की म्हणता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटासाठी ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत आणि त्यातल्या १०० ग्रॅम हिरव्या पालेभाज्या असाव्यात असे म्हटले आहे; धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांवर जाऊ नये, असेही सांगितले आहे. भाकरी, चटणी आणि डाळीचे पातळ कालवण या जेवणापासून हे ताट फार लांब आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा : कच्चे पचत नाही, वात धरतो. यात तथ्य आहे आणि परंपरेने ते कधी नाकारलेही नाही. म्हणूनच मुळ्याला मीठ चोळून पाणी काढतात, कोबीला फोडणी देतात, काकडीच्या कोशिंबिरीत जिरे आणि दही पडते, कडधान्याला मोड आणून वाफ देतात. पावसाळ्यात पालेभाजी शिजवूनच खावी, हाही जुना दंडक योग्य आहे. अळू कच्चे खात नाहीत; घोळ आणि चाकवत मूतखड्याचा त्रास असणाऱ्याने बेतानेच खावेत. ताजेपणा हे उद्दिष्ट आहे, कच्चेपणा हा त्यातला एक मार्ग. ज्यांना कच्चे सोसत नाही त्यांनी भाजी दोन वाफांवर उतरवावी, लिंबू मात्र ताटात पिळावे. मुख्य हेतू तेवढ्याने बराच साधतो.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा आणि फवारणीचा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा गंभीर आहे. सांडपाण्यावर वाढलेला पाला, शेणखताच्या ढिगाशेजारची कोथिंबीर, यांतून जंतांची अंडी आणि अतिसाराचे जंतू पोटात जातात. मिठाच्या पाण्यात बुडवले की सगळे मरते, ही समजूत खोटी आहे; भरपूर स्वच्छ पाण्यात पाने एकेक सुटी करून चोळून धुणे, मुळाकडची माती लागलेली देठे काढून टाकणे, हेच खरे उपयोगी. ज्या पाण्यावर भाजी वाढली त्याची खात्री नसेल तर ती शिजवावी. फवारणीचा प्रश्न धुण्याने पुरता सुटत नाही, कारण काही औषधे झाडात भिनतात. त्यावर उपाय घरच्या भाजीची ओळ वेगळी ठेवण्याचा आहे. हरभऱ्याच्या चार ओळी आणि बांधाची एक पट्टी न फवारता राखणे कोणत्याही शेतकऱ्याला जमण्यासारखे आहे. करडईची पाने मावा पडण्याच्या आधी खुडावीत. तणनाशक मारलेल्या रानातला पाला कितीही टवटवीत दिसला तरी घ्यायचा नाही. बाजारातली भाजी घेणाऱ्याच्या हातात एवढेही नसते, हे लक्षात घेतले तर हा आक्षेप घरच्या ताज्या भाजीच्या विरोधात जाण्याऐवजी तिच्याच बाजूला येतो.

तिसरा आक्षेप मंगळवेढ्यात सर्वांत आधी येईल : प्यायला पाणी नाही, भाज्या कुठून पिकवायच्या? तालुक्याच्या दक्षिण भागातली गावे उपसा सिंचनाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडली आहेत. त्यांना बागेचे सल्ले देणे हा उद्धटपणा होईल. पण हिवाळ्यातल्या पाल्याला ज्वारीच्या ओलीहून वेगळे पाणी लागत नाही, हे वर आलेच आहे. खरी अडचण उन्हाळ्याची. त्या काळासाठीही जुन्या स्वयंपाकात तरतूद आहे आणि ती कोठारातूनच येते. मटकी आणि हुलगा ही कमी पावसाची कडधान्ये वर्षभर टिकतात. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व नसतेच म्हटले तरी चालेल. भिजवून मोड आणले की ते दाण्यात नव्याने तयार होते, आणि फायटेटही काही अंशी कमी होते. वाटीभर पाण्यात, दोन दिवसांत, चुलीशेजारी एक ताजी भाजी तयार होते. मोडाची मटकी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि किसलेली कैरी ही उन्हाळ्यातली पुरी कोशिंबीर आहे. बाकी शेवग्याचे एक झाड दारात असले तर त्याला फार पाणी लागत नाही आणि त्याच्या पाल्यात शंभर ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. न्हाणीच्या पाण्यावर परसातले वाफे जगवण्याचे काम ‘उमेद’ अभियानाच्या पोषण परसबागेच्या मोहिमेतून अनेक गावांतल्या बचत गटांनी केलेही आहे. तेवढे पाणी साबणाचे नसावे आणि कच्च्या खाण्याच्या पाल्यावर थेट पडू नये, एवढी काळजी पुरे.

चौथा आक्षेप वेळेचा, आणि तो बायकांनी घेतलेला आहे म्हणून त्याला वळसा घालता येत नाही. दिवसभर खुरपून आलेल्या बाईने भाकरी थापायची, कालवण करायचे, आणि वर पाला निवडून कोशिंबीरही करायची? असल्या सल्ल्यांनी स्त्रीचेच काम वाढते, हे खरे आहे. उत्तराचा एक भाग पदार्थातच आहे. घोळाण्याला सरपण लागत नाही, गॅस लागत नाही, पंधरा मिनिटांपेक्षा वेळ लागत नाही; रोज एक शिजवलेली भाजी कमी करून तिच्या जागी तो आला तर काम वाढण्याऐवजी घटते. उरलेला भाग पुरुषांकडे जातो. भाकरी थापायला हात बसावा लागतो. पाला निवडणे, काकडी कोचवणे, शेंगदाणे भाजून कुटणे याला कोणतेच विशेष शिक्षण नको. या पुस्तकातल्या कृती लिहिताना ‘गृहिणींनी’ हा शब्द म्हणूनच टाळला आहे. कोशिंबीर हा घरातल्या कोणालाही पहिल्या दिवसापासून करता येणारा पदार्थ आहे, आणि तिची रोजची जबाबदारी स्वयंपाक न करणाऱ्याकडे देणे ही सर्वांत सोपी वाटणी ठरेल.

पाचवा आक्षेप विचार करायला लावणारा आहे. जुने ताट खरोखर एवढे हिरवे होते का, आणि कोणाचे? ज्यांच्याकडे रान नव्हते त्यांच्या ताटात काय होते? याच मंगळवेढ्यात, गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून संत चोखामेळा गेले. गावाबाहेर ठेवलेल्यांच्या जेवणाला पोषणाच्या गोड गोष्टींत बसवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाण्याची नोंद केली, तोवर मराठी पाकपुस्तकांच्या जगाला त्या चुलींची दखलच नव्हती. तेव्हा पूर्वी सगळे छान होते, हा या पुस्तकाचा सूर नाही. टंचाई होती, उपास होते, ओल्या सालीही अनेक घरांत भाकरी आणि मिरचीवरच भागत असे. पण पाल्याबाबत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. धान्य मालकाचे असे. खुरपणीत निघालेले पाथरी-तांदुळजासारखे तण बहुधा खुरपणारीच्या ओट्यातून घरी जाई. ज्याला किंमत नव्हती ते ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांच्या वाट्याला आले, आणि त्यातल्या खाण्याजोग्या पाल्याचे ज्ञान त्यांनीच सर्वांत जास्त राखले. आज तणनाशकाने खुरपणीची मजुरी गेली तसा तो ओटाही रिकामा झाला. हे नुकसान सर्वांचे सारखे नाही. ते भूमिहीन घरांचे अधिक आहे. या पुस्तकातल्या रानभाज्यांच्या प्रकरणाचे ऋण कोणाकडे आहे, हे त्यामुळे स्पष्ट सांगायला हवे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा : लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मग पाल्याचा एवढा खटाटोप कशाला? गोळ्या हव्यातच. गरोदर बाईला, रक्त फार कमी असलेल्या मुलीला पाल्याच्या भरवशावर ठेवणे धोक्याचे आहे, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कोशिंबिरीसाठी सोडू नयेत. पण गोळी उणीव भरते. उणीव पुन्हा पडू नये यासाठी रोजचे ताट लागते. शिवाय पालेभाजीतून मिळणारे फोलेट, कॅल्शियम, कॅरोटीन, पोटॅशियम आणि तंतू हे सगळे एका गोळीत येत नाहीत. औषध आणि अन्न यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी करण्याची गरजच नाही.

आता पुस्तकाविषयी थोडे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याची मापे रूढ केली आणि नव्याने स्वयंपाकाला लागलेल्यांची मोठी सोय झाली. इथेही मापे दिली आहेत, पण ती कूट, तेल, दही आणि मीठ यांचीच काटेकोर आहेत. पाल्याचे माप मुठीत दिले आहे, कारण मेथीची जुडी ओल्या-कोरड्या सालाप्रमाणे बदलते आणि कोवळ्या-जून पाल्याला मीठ सारखे लागत नाही. प्रकरणे पदार्थांच्या नावांनुसार न लावता हंगामांनुसार लावली आहेत : पावसाळ्यात शिजवायचे पाले, थंडीत घोळाणे आणि ओल्या दाण्यांच्या भाज्या, उन्हाळ्यात मोड, कैरी, वाळूक आणि शेवगा. त्यामुळे एखादी आवडती कोशिंबीर शोधायला दोन पाने जास्त उलटावी लागतील. ती गैरसोय मुद्दाम ठेवली आहे. आज काय खावे याचे उत्तर आधी बाहेरच्या रानाने द्यावे, मग आवडीने.

तीन नियम मात्र सगळ्या प्रकरणांना सारखे आहेत. चिरणे जेवणाच्या आधी, ताटे मांडली जात असताना. तासभर आधी चिरलेली कोशिंबीर वेळ वाचवते आणि ज्यासाठी ती केली तेच घालवते. मीठ सर्वांत शेवटी, कारण मीठ पडले की पेशींतले पाणी बाहेर येते, कोशिंबीर पातळ होते आणि ते पाणी ताटात टाकून दिले जाते; सुटलेच तर ते कुटाने शोषून घ्यावे किंवा कालवणात मिसळावे. आणि आंबट त्याच ताटात, मग ते लिंबू असो, कैरी असो किंवा हरभऱ्याची स्वतःची आंब. एवढे पाळले तर कोणती कृती निवडली याने फारसा फरक पडत नाही. ज्या घरात ज्वारीची भाकरी होते त्या घराने तिच्याबरोबर रोज मूठभर ताजे काही खावे, एवढेच या सगळ्या पानांचे म्हणणे आहे. आणि आज हाताशी काहीच हिरवे नसेल, तर रात्री मूठभर मटकी भिजत घालून सुरुवात करावी.